जेलमधून सुटलेला माणूस कामावर ठेवावा का? मकरपुऱ्यातल्या एका वर्कशॉपवाल्याचं उत्तर

प्रश्न थोडक्यात असा: बडोद्याच्या मकरपुरा जीआयडीसीत, म्हणजे औद्योगिक वसाहतीत, वडिलांनी उभं केलेलं प्लास्टिक मोल्डिंगचं युनिट, बावीस माणसं. जेम्स टिम्पसन या ब्रिटिश उद्योजकाबद्दल वाचनात आलं, त्याच्या कंपनीत दहातला एक माणूस जेलमधून सुटून आलेला. इकडे बाबाजीपुऱ्यात शेजारच्या मावशी रोज संध्याकाळी येऊन बसतात. त्यांच्या मुलाचं उत्तरायणाच्या दिवशी गच्चीवर भांडण झालं, याने धक्का दिला, समोरचा खाली पडला आणि गेला. कलम ३०४ (सदोष मनुष्यवध) खाली दहा वर्षांची शिक्षा झाली, माफी धरून साडेसात वर्षांनी बाहेर आला. मावशी म्हणतात, साडेसाती संपली, आता तुम्ही हात द्या. वडील म्हणतात, दोन महिन्यांचं रेशन भरून दे, पण फॅक्टरीत नको. काय करावं? कायद्याची अडचण येते का? आणि टिम्पसनचं ते आपल्याकडे चालेल का?

आधी एक सांगतो, वडिलांशी वाद घालू नका. त्यांची भीती निम्मी बरोबर आहे. कुठली निम्मी, ते पुढे येईल.

मी मकरपुऱ्यातच आहे. पंप आणि व्हॉल्व्हवाल्यांसाठी शाफ्ट, बुश, फ्लॅंजचं जॉबवर्क करतो, चौतीस माणसं. २००९ पासून आजवर जेलमधून आलेले अकरा जण ठेवले. त्यांतले चार आज कामावर आहेत. तिघे चांगल्या पगारावर दुसरीकडे गेले. तिघे एक दिवस आलेच नाहीत आणि नंतर फोनही लागला नाही. एकाला मी स्वतः काढलं. यातून तुम्हाला जो काय निष्कर्ष काढायचा तो काढा. मला विचाराल तर आयटीआयमधून थेट घेतलेल्या पोरांचा हिशेबही याहून फार वेगळा नाही, फक्त ती पोरं गेली की कोणी ‘मी म्हटलंच होतं’ म्हणत नाही.

आता टिम्पसन. त्याच्याबद्दल जे लिहिलं जातं त्यात मोठ्या मनाच्या शेठची गोष्ट जास्त असते आणि काम कसं चालतं ते कमी. कंपनी १८६५ पासूनची, मँचेस्टरची. बूटदुरुस्ती आणि किल्ल्या बनवणं हा धंदा, दोन हजारांवर दुकानं, आणि मालकी अजून कुटुंबाचीच. जेम्सच्या आईवडिलांनी नव्वद मुलं सांभाळायला घरी आणली होती, त्यामुळे बिघडलेल्या घरातली पोरं त्याने लहानपणापासून जेवणाच्या टेबलावर पाहिलेली. २००२ मध्ये वॉरिंग्टनजवळचा एक तुरुंग बघायला गेला, तिथे त्याला आत फिरवणारा कैदी पोरगा चुणचुणीत वाटला. सुटलास की ये म्हणाला, पोरगा आला, आणि चांगला निघाला. इथवर गोष्ट सगळ्यांना माहीत असते.

पुढचं महत्त्वाचं. त्यानंतर त्याने दरवाजा सरसकट उघडला नाही. कंपनीची माणसं तुरुंगात जाऊन मुलाखती घेऊ लागली. तुरुंगाच्या आतच ट्रेनिंगची वर्कशॉप उभी केली, दुकानात असतात तशीच मशीनं लावून. शिक्षेच्या शेवटच्या टप्प्यात काही कैदी दिवसा दुकानात काम करायचे आणि रात्री तुरुंगात परत जायचे. म्हणजे माणूस सुटेपर्यंत त्याचा हात, त्याची जीभ आणि त्याची सकाळी उठायची सवय, तिन्ही तपासून झालेली असायची. निवड करताना या कुटुंबाची एक गमतीची पद्धत होती: लहान मुलांच्या कार्टूनमधली पात्रं असलेला कागद, त्यावर मुलाखत घेणारा खुणा करतो, हा आळशी, हा हसरा, हा गडबड्या. सर्टिफिकेटपेक्षा स्वभाव बघायचा. आणि कामावर आल्यावर नियम दोनच: नीटनेटकं राहायचं, पैसे गल्ल्यात टाकायचे. गिऱ्हाइकाची तक्रार मिटवायला पाचशे पौंडांपर्यंत खर्च करायची मुभा काउंटरवरच्या माणसाला, वर विचारायचं नाही. तुरुंगातून आलेल्यालाही हेच.

किल्ल्या बनवायच्या दुकानात चोरी करून सुटलेला माणूस बसवणं यावर हसू येतं खरं. पण मला त्यातली पाचशे पौंडांची गोष्ट जास्त लागली. आपण जुन्या फोरमनलासुद्धा पाचशे रुपये विचारल्याशिवाय खर्चू देत नाही.

जुलै २०२४ मध्ये स्टार्मर सरकारने त्याला तुरुंगमंत्री केलं, कंपनीचं पद सोडून तो संसदेच्या वरच्या सभागृहात, हाउस ऑफ लॉर्ड्समध्ये गेला. तुरुंग इतके भरलेले होते की सप्टेंबरच्या १० तारखेला एका दिवसात सतराशेच्या आसपास कैदी मुदतीआधी सोडावे लागले. दहातला एक पारखून घेणं वेगळं आणि सगळे एकदम बाहेर येणं वेगळं, हे त्याला त्या महिन्यात कळलं असेल. असो, तो त्याचा प्रश्न.

आपल्याकडे यातलं काय आहे? तुरुंगात शिरून मुलाखती घ्यायची सोय तुम्हा-आम्हाला नाही. दिवसा काम, रात्री जेल हे खुल्या जेलमध्ये जमतं. आटपाडीजवळच्या स्वतंत्रपूरची वसाहत औंधच्या राजांनी स्वातंत्र्याच्या आधी वसवली, ती याच विचाराची. पण आपल्या जेल रोडवरच्या जेलमधून सुटणारा माणूस बहुतेक थेट भिंतीआडून फुटपाथवर येतो, मध्ये पायरीच नाही. आत काम शिकवतात, नाही असं नाही: विणकाम, सुतारकाम, बेकरी. अहमदाबादला साबरमती जेलचं भजिया हाऊस तर लोक रांग लावून खातात. पण माग चालवलेल्या हाताला इंजेक्शन मोल्डिंगचं मशीन नवंच असणार. तेव्हा पारख आणि ट्रेनिंग, ही टिम्पसन सुटकेच्या आधी करायचा ती दोन्ही कामं तुम्हाला सुटकेनंतर करायची आहेत. स्वतःच्या खर्चाने, शॉपफ्लोअरवर, बाकी बावीस माणसांच्या डोळ्यांसमोर. फरक एवढाच आहे, आणि तो लहान नाही.

तुमच्या बाजूचीही एक गोष्ट आहे. दोन हजार दुकानांचा मालक प्रत्येकापासून वीस फुटांवर उभा नसतो. तुम्ही असता.

कायद्याचं पटकन उरकतो. शिक्षा भोगून आलेल्या माणसाला खासगी कारखान्यात ठेवायला कुठलाही कायदा आडवा येत नाही. पीएफ, ईएसआयसीच्या फॉर्ममध्ये हा प्रश्न नाही. ब्रिटनमध्ये १९७४ च्या कायद्याने ठरावीक वर्षांनी जुनी शिक्षा बऱ्याच नोकऱ्यांपुरती पुसली गेली असं धरतात, म्हणजे विचारलं तरी सांगायची सक्ती नाही. आपल्याकडे असा सरसकट कायदा नाही. प्रोबेशनचा १९५८ चा कायदा आहे, त्याखाली सोडलेल्याला शिक्षेमुळे येणारी अपात्रता लागत नाही. आणि गुन्हा घडला तेव्हा वय अठराच्या आत असेल तर बालन्याय कायदा संरक्षण देतो. अडचण येते ती वॉचमनच्या एजन्सीत आणि मोठ्या प्लांटच्या गेटपासला, कारण तिथे पोलीस पडताळणी लागते. तुमचा माणूस डाय घेऊन एखाद्या मोठ्या कंपनीत जाणार असेल तर हे आधी लक्षात घ्या, नाहीतर गेटवर त्याची शोभा होईल. मी एकदा ते करून बसलो आहे. ट्रायलसाठी फिटरला सोबत नेलं, त्याला गेटवर दोन तास बसवलं, आणि संध्याकाळी परत येताना टेम्पोत तो एक शब्द बोलला नाही.

विचारायचं काय? सगळं विचारा, पण एकदाच आणि त्यालाच. शेजाऱ्यांना नाही, मावशींना तर नाहीच. आईला मुलाच्या केसमधलं जे माहीत असतं ते वकिलाने सांगितलेलं असतं. त्याला चहा द्या, दार लावा आणि म्हणा, काय झालं ते तुझ्या तोंडून सांग, मग मी कागद बघणार आहे. सुटकेचा कागद आणि निकालाची प्रत मागा. ई-कोर्ट्सच्या साइटवर नावाने केस शोधता येते, दुसरी एखादी चालू असली तर तिथे दिसेल. त्याने सांगितलेलं आणि कागदावरचं जुळलं की विषय संपला, पुन्हा काढायचा नाही. नाही जुळलं तर ठेवू नका, गुन्हा कितीही किरकोळ असो. २०१६ मध्ये अवतार सिंग खटल्यात सुप्रीम कोर्टाने सरकारी नोकरीच्या बाबतीत साधारण हीच दिशा दिली: गुन्हा किती किरकोळ ते मालक बघू शकतो, पण माहिती दडवणं हे स्वतंत्र कारण ठरू शकतं. वर्कशॉपला हे चोख लागू पडतं.

इथे एक फरक समजून घ्या, आपल्या लोकांची यात कायम गल्लत होते. इकडे गुजरातीत म्हणतात तसे कैदी दोन प्रकारचे, पाका कामाचे आणि काचा कामाचे. पाका म्हणजे शिक्षा झालेला, काचा म्हणजे ज्याची केस अजून चालूच आहे. २०२२ च्या अखेरीला देशभरच्या जेलांत सुमारे ५ लाख ७३ हजार माणसं होती आणि त्यांतली पंचाहत्तर टक्क्यांवर काचा कामाची. म्हणजे ‘जेलमधून आलाय’ म्हणून ज्याच्याकडे बोट दाखवलं जातं, त्याला बऱ्याचदा कोर्टाने दोषी ठरवलेलंच नसतं. गुजरातेत त्यावर दोन भर आहेत. एक दारूबंदीच्या केसेस. दुसरा पासा, १९८५ चा कायदा, ज्यात खटला न चालवता स्थानबद्ध करता येतं. पासात जाऊन आलेला माणूस कायद्याने गुन्हेगार नाही, पण गल्ली-मोहल्ल्यात त्याला सगळे तसाच धरतात. नव्या नागरिक सुरक्षा संहितेच्या (जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी आलेल्या) कलम ४७९ ने पहिल्यांदाच अडकलेल्या काचा कैद्याला कमाल शिक्षेचा एक-तृतीयांश काळ झाला की जामिनावर सोडायची तरतूद केली आहे, काही गुन्हे सोडून. तेव्हा अशी पोरं आता जास्त दिसतील.

मालकाच्या दृष्टीने सांगायचं तर पाका परवडतो, काचा दमवतो. पाक्याचं संपलेलं असतं. काच्याला तारखा असतात. महिन्यात एक, कधी दोन. तारखेच्या आदल्या दिवशी त्याचं मन मशीनवर नसतं आणि तारखेच्या दिवशी तो सकाळी नऊला कोर्टात जाऊन संध्याकाळी पुढची तारीख घेऊन येतो. काचा ठेवायचा असेल तर तारखेची रजा आधीच ठरवून टाका आणि त्या दिवशी त्याला नाजूक मशीनवर उभा करू नका, दुसऱ्या दिवशीही. मावशींचा मुलगा पाका आहे, त्या बाबतीत तुमचं काम सोपं.

कुठला गुन्हा चालतो, हे प्रत्येक मालकाने स्वतःशी ठरवावं. माझं असं आहे: बायका-मुलांवर हात टाकलेला मी ठेवत नाही, आमच्या पॅकिंगला सहा बायका आहेत आणि त्यांना उत्तर मला द्यायचं असतं. हिशेबाच्या टेबलावर अफरातफरवाला बसवत नाही, मशीनवर बसवेन. आणि लोकांना आश्चर्य वाटतं पण सांगतो, एका रागाच्या झटक्यात आयुष्यात एकदाच गुन्हा झालेला माणूस माझ्या अनुभवात सगळ्यांत टिकाऊ. आमचा आजचा सगळ्यांत भरवशाचा फिटर डभोईकडच्या एका गावचा, शेताच्या बांधावरून चुलतभावाशी झालं आणि ३०२ मध्ये, म्हणजे खुनाच्या कलमात, गेला. चौदा वर्षांवर आत होता. त्याउलट पाच वेळा दोन-दोन महिने आत जाऊन आलेला पाकीटमार मला एकदाही टिकवता आला नाही. वयाचाही भाग असेल. पस्तिशी ओलांडलेला माणूस दमलेला असतो, त्याला घरी जायचं असतं.

आता माझी स्वतःची चूक, जिच्यामुळे हे उत्तर लांबत चाललं आहे.

२००९ मध्ये पहिला माणूस ठेवला तेव्हा मी स्वतःवर फार खूश होतो. नात्यागोत्यात सांगत फिरायचो. त्याला बाजूच्या मशीनवाल्यापेक्षा पंधराशे रुपये कमी धरले होते. कारण काय, तर याला दुसरं कोण ठेवणार, आणि मी एवढी जोखीम घेतोय. माणूस चांगला टर्नर निघाला. चौथ्या महिन्यात दुपारी केबिनमध्ये आला आणि म्हणाला, शेठ, माझा हिशेब करून द्या. वाघोडियाला कुठेतरी पूर्ण पगारावर लागला, तिथे त्याने काही सांगितलंही नसावं. मी वर्षभर घरी-दारी ‘कृतघ्न’ हा शब्द वापरला. शेवटी आमचा फोरमन, ज्याला सगळे मामा म्हणतात आणि जो त्या माणसाला घ्यायच्याच विरुद्ध होता, तो एकदा नाश्त्याला सेव-उसळ खाता खाता म्हणाला, “भाऊ, पगाराचं रजिस्टर तुम्ही टेबलावर उघडं टाकून जेवायला जाता. सगळ्यांना माहीत असतं कोणाला किती मिळतात ते. त्यालाही माहीत होतं.”

बाकी मामा काही बोलला नाही. पाव उरला होता तो खाल्ला.

तुमच्या वडिलांची भीती जिथे चूक आहे ती इथे. ते म्हणतात रेशन भर, म्हणजे उपकार कर. आणि तुम्हीही, खरं सांगा, मनातून उपकारच करायला निघाला आहात, फक्त जरा मोठा. उपकाराने ठेवलेल्या माणसाकडून आपण काय काय अपेक्षा करतो बघा: त्याने उशिरा येऊ नये, पगारवाढ मागू नये, बाजूच्याशी भांडू नये, रविवारी बोलावलं तर यावं, आणि सोडून तर कधीच जाऊ नये. बाकी बावीस जण यातलं सगळं करतात. मग त्याने एकदा जरी तसं केलं की आपल्याला तो गुन्हेगारासारखा दिसायला लागतो. मजुरीचा हा प्रश्न तर आपल्या गुजरातच्याच खटल्यात १९९८ मध्ये सुप्रीम कोर्टापर्यंत गेला होता. आत सक्तमजुरी करणाऱ्या कैद्यालाही रास्त मजुरी द्या आणि त्यातला काही भाग गुन्ह्याची झळ बसलेल्यांच्या भरपाईसाठी बाजूला काढा, असं कोर्टाने सांगितलं. कैदेत असताना जो हक्क आहे तो बाहेर आल्यावर आपण कापायचा, हे कुठल्या हिशेबात बसतं? हेल्परचा पगार तर हेल्परचा, पण जो हेल्परला आहे तो पूर्ण.

दुसरी चूक पैशाचीच, पण वेगळी. ज्याला मी काढलं त्याची. आमच्याकडे नियम होता, पहिले तीन महिने उपाड, म्हणजे पगाराची आगाऊ उचल, नाही. सगळ्यांना सारखा, म्हणून मला तो न्याय्य वाटायचा. या माणसाच्या घरच्यांनी वकिलासाठी व्याजाने पैसे उचललेले, आणि तो सुटला त्याच आठवड्यात घेणारा दारात उभा. त्याने दोनदा उपाड मागितला, दोनदा मी नियम सांगितला. दोन महिन्यांनी मामाला पितळेच्या चुऱ्याचं वजन कमी भरायला लागलं. रोज डब्यातून जात होतं, थोडं थोडं, वर रुमाल टाकून. डबा उघडला तेव्हा भाजीच्या वाटीलाही पितळेची चकाकी लागलेली होती. मी त्याला त्या दिवशी हिशेब देऊन काढलं आणि आजही काढेन. पोलिसात गेलो नाही. पण नियम बदलला: जेलमधून आलेल्याला पहिले तीन महिने पगार आठवड्याला, दर शनिवारी. महिन्याच्या शेवटी हातात एकदम मोठी रक्कम नको आणि मधले तीस दिवस कोरडेही नकोत. जे तिघे न सांगता गेले ना, ते तिघेही पहिल्या पूर्ण पगाराच्या दुसऱ्या दिवशी गेले होते. हे मला फार उशिरा रजिस्टर चाळताना दिसलं.

म्हणून मुलाला विचारा, देणं किती आहे. हा प्रश्न कोणी विचारत नाही, सगळे गुन्हाच विचारतात.

आता कागदपत्रं. साडेसात वर्षं आत असलेल्या माणसाचा जुना मोबाइल नंबर केव्हाच दुसऱ्या कोणाला मिळालेला असतो, आणि आधार त्याच नंबरला जोडलेलं. म्हणजे याचा ओटीपी जातो सुरत किंवा पाटण्याच्या कोणा अनोळखी माणसाला. दोन वर्षं व्यवहार नसला की बँकेचं खातं निष्क्रिय. ते चालू करायला केवायसी, त्याला आधार, त्याला ओटीपी. आधारशिवाय पीएफचा यूएएन नंबर निघत नाही, आणि तुमची माणसं वीसच्या वर असल्याने पीएफ लागतोच. हा गुंता सोडवायला तीन आठवडे धरा. आधार केंद्रात अंगठा देऊन नंबर बदलून घेणं हे पहिलं काम, बाकी सगळं त्याच्या मागून. सोबत एखादा ऑफिसचा पोरगा द्या. एकट्याला पाठवलंत तर टोकन कुठल्या मशीनमधून घ्यायचं इथेच तो अडेल, आणि न विचारता परत येईल.

न विचारता परत येईल म्हणतो, कारण जेल माणसाला जे शिकवतं ते तुम्हाला पहिल्या आठवड्यात दिसेल आणि तुम्ही त्याचा भलता अर्थ लावाल. आमचा डभोईचा फिटर पहिल्या दिवशी पाणी प्यायला गेला नाही. मे महिना, पत्र्याची शेड, आणि हा दुपारी दोनपर्यंत कोरडा. मग मामाजवळ येऊन हात मागे बांधून उभा राहिला: साहेब, पाणी पिऊ? संडासाच्या दाराशी तसाच उभा, दार नुसतं लोटलेलं होतं, ढकलायचं होतं, पण हा कोणी उघडेल म्हणून थांबलेला. जेवण चार-पाच मिनिटांत संपवायचा, पाठ भिंतीला लावून. आणि संध्याकाळी साडेपाचच्या सुमारास हत्यारं ओळीने मांडून, खरोखर फूटपट्टी लावल्यासारखी, मशीनशेजारी सरळ उभा राहायचा. मला वाटलं, काम टाळतोय, सुटीला अजून अर्धा तास आहे. मामाने विचारलं तर म्हणाला, गिनतीची वेळ झाली ना. हे जायला चार महिने लागले. हत्यारं मात्र अजून तशीच मांडतो, आणि आता बाकीच्यांनाही तशीच मांडायला लावतो, त्यावरून भांडणं होतात.

तेव्हा पहिल्या दिवशी त्याला स्वतः फिरवून दाखवा: पाणी इथे, संडास तिथे, विचारायचं नाही, चहा साडेदहाला आणि चारला. तुम्हाला बाळबोध वाटेल. वाटू द्या.

बाकीच्या कामगारांना सांगायचं का? माझ्याकडे मला आणि मामाला माहीत असतं, पुढे कोणाला सांगायचं ते त्याचं त्याने ठरवायचं. पण तुमच्याकडे तो शेजारचाच आहे, बाबाजीपुऱ्यातली दोन माणसं तुमच्या युनिटला असतील तर सोमवारी दुपारच्या आत सगळ्यांना कळलेलं असेल. मग लपवाछपवी नको. सुपरवायझरला आधी विश्वासात घ्या आणि त्यालाच कामाची चाचणी घेऊ द्या. एक आठवडा, पगारी. सुपरवायझरने ‘घेऊ या’ म्हटलं तर तो त्याचा माणूस होतो, तुम्ही वरून लादलेला राहत नाही. मामाने आमच्या फिटरला पहिल्या दिवशी पंचवीस मिलिमीटरचा शाफ्ट दिला आणि मायक्रोमीटर हातात ठेवला. त्याला मायक्रोमीटर वाचता येत नव्हता आणि त्याने ते सरळ सांगितलं. मामाला तेवढंच बघायचं होतं.

आणि वडिलांची जी निम्मी भीती बरोबर आहे ती पोलिसांची. शिक्षा संपलेली असली तरी एरियात काही झालं की जुनी यादी निघते. मार्च २०२५ मध्ये राज्यभर शंभर तासांत असामाजिक तत्त्वांच्या याद्या करायचा हुकूम निघाला होता, तेव्हा आमच्या दोघांना ठाण्यात बोलावणं आलं. मी हजेरीपत्रक आणि पगाराच्या पावत्या घेऊन सोबत गेलो, नावं-पत्ते लिहून घेतले, अर्ध्या तासात परत आलो. पण त्या अर्ध्या तासासाठी मालकाने उठून जायची तयारी हवी. हजेरी रोजच्या रोज, वेळ टाकून, सहीनिशी ठेवा. त्याच्या उपयोगाचा तो पहिला कागद आहे. मुदतीआधी सुटलेला असेल तर सुटकेच्या हुकमात अटी असू शकतात, ठाण्यात हजेरी, जिल्हा न सोडणं वगैरे. तो हुकूम स्वतः वाचा. फर्लो किंवा पॅरोलवर, म्हणजे शिक्षा चालू असतानाच सुटीवर, आलेला असेल तर मात्र कामावर ठेवायच्या भानगडीत पडू नका. परत जायच्या तारखेला तो गेला नाही तर पहिली चौकशी तुमच्याकडे होईल.

वडिलांना हे सगळं सांगून बघा. तरी नाही म्हणाले तर त्यांचं नाही धरून चाला, निदान सध्या. मालकांपैकी एक मनातून विरुद्ध असलेल्या कारखान्यात असा माणूस पंधरा दिवस टिकत नाही. त्याला ते तुमच्याआधी कळतं. अशा वेळी ओळखीच्या दुसऱ्या युनिटला शब्द टाका. माझ्याकडे सध्या जागा नाही, दिवाळीनंतर एक हेल्पर लागेल.

‘हो’ म्हणाले तर मावशींना निरोप देऊ नका, मुलालाच बोलवा. पगाराचा आकडा, शनिवारचा दिवस आणि सुपरवायझरचं नाव त्यालाच सांगा. सेफ्टी शूज युनिटने द्यायचे असतात, ते त्याला आणायला सांगू नका. आणि नंबर विचारून मागवूही नका, दुकानात नेऊन घालून बघा. इतकी वर्षं चपलेत राहिलेला पाय पसरलेला असतो. आमच्या फिटरने आठ सांगितला होता, दहा लागला.